समासातली ओळ

कागद तोच होता. चाळीस वर्षांपूर्वी एवाल्दोनेच तो टाइप करून सेन्सॉरकडे नेऊन दिला होता. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्कराचं राज्य होतं; शिक्क्याशिवाय त्यांच्या 'पोएरा' बँडचं एकही गाणं वाजत नसे. शिक्का होता. पण शेवटची ओळ, 'जनरल, आमच्या घरातून चालता हो', तांबड्या पेन्सिलीने खोडली होती आणि समासात परक्या, वळणदार अक्षरात दुसरी लिहिली होती:

'आई कडी लावत नाही, अजून एक जण यायचाय.'

एवाल्दोने कागद उजेडात धरला. ही ओळ सेन्सॉरची? अख्ख्या ब्राझीलने मोर्चांत गायलेली, पोरांनी दंडावर गोंदवून घेतलेली? उद्या ब्राझिलियाच्या चौकात हीच ओळ कोरलेल्या दगडाचं अनावरण होतं. खाली नाव त्यांच्या गायकाचं, ताविन्योचं. तेव्हा सेन्सॉरकडून मंजुरी आणायला तोच गेला होता, आणि बदललेली ओळ त्याचीच, असं सगळे समजत आले होते. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. समारंभात मांडायला मूळ कागदाची प्रत हवी, म्हणून एवाल्दो आणि ताविन्योची बायको झिल्दा सरकारी दफ्तरखान्यात आले होते.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

झिल्दा चष्मा पुसत राहिली. "तू इतकी वर्षं शेजारी उभा राहून बास गिटार वाजवलीस. स्टेजवर तो ती ओळ कधी स्वतः म्हणाला? माइक लोकांकडे करायचा."

"आम्ही त्याला माज समजायचो."

"लाज होती रे ती. रेकॉर्ड झाल्यावर त्याने गाणं मागे घ्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ते रेडिओवर लागलं आणि गाव पेटलं. मग कुणाच्या तोंडावर हात ठेवणार?"

एवाल्दोला राग आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका. तोही गाणी लिहायचा एके काळी. त्या ओळीनंतर त्याने वही मिटली. ताविन्योपुढे आपण काय दिवे लावणार, असं त्या बावीस वर्षांच्या पोराला वाटलं, ते कायमचंच.

"माझी वही गेली, झिल्दा," तो म्हणाला. "एका सरकारी कारकुनामुळे."



ओळीखाली बारीक सही होती. त्याने कागद दफ्तरखान्याच्या खिडकीमागे बसलेल्या मुलीपुढे सरकवला. "पोरी, हा कोण बहाद्दर?"

"हा नाही, काका, ही. दाल्वाबाई." तिने सही लगेच ओळखली. "येतात की अजून, दर महिन्याला."

"इथे? आता काय खोडायचं राहिलंय?"

"भावाची फाईल मागायला. बहात्तर साली लष्कराने त्याला घरातून उचलून नेलं, तो पुन्हा दिसलाच नाही. नोकरी जाईल म्हणून बाईंनी ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं म्हणे."

एवाल्दोने तो कागद पुन्हा वाचला, मग पुन्हा एकदा. खिशातलं उद्याचं भाषण त्याला नकोसं झालं.

"मला त्यांचा पत्ता दे," तो म्हणाला. "उद्या त्यांना चौकात न्यायचंय. मी स्वतः गाडी घेऊन जातो."

मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या पाच तारीख, काका. दर पाच तारखेला त्या इथेच येतात. फाईल नाही म्हटलं की नवा अर्ज भरून जातात."