धूर नसलेलं घर

वादळात घर गेलं, म्हणून एका संस्थेने आम्हाला पर्यावरणाचं प्रमाणपत्र असलेलं नवंकोरं घर बांधून दिलं. अट एकच, चूल पेटवायची नाही, अगदी अंगणातसुद्धा. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे मानाने दोन्या ओब्दुलिया म्हणतात, चुलीवर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, भाजून विकायच्या, त्यावरच आमचं पोट होतं. आता त्या विजेच्या शेगडीवर भाजतात आणि भरलेली टोपली तशीच घरी आणतात.

काल संस्थेचे इंजिनियरसाहेब तपासणीला आले. कुठे धुराचा वासही नाही म्हणून खूश झाले, सही केली आणि हक्काने जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं.



"काय हो दोन्या, घर बांधत होतो तेव्हा काय चव होती तुमच्या हाताला! हल्ली मी वळणावरच्या बाईकडून घेतो, ती अजून चुलीवर भाजते."