सैल बूट

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात मज्जासंस्थेची तोंडी परीक्षा भरल्या वर्गासमोर चालायची. प्राध्यापक झान्चिन टेबलावर बसून स्वतःच्याच गुडघ्याखाली हातोडी मारत. पाय उडून सैल बूट परीक्षार्थीच्या अंगावर जाई. “मी नाही मारला, मणक्यानं मारला. मेंदूला विचारलंच नाही,” म्हणत ते खिदळत. आज निवेस या विद्यार्थिनीची पाळी. तिनं आधीच डोकं झाकलं. हातोडी पडली, पण बूट हललाच नाही. “सर, लेस घट्ट बांधलीय का?” मागून कुणीतरी टोमणा मारला. त्यांनी पुन्हा जोरात मारली. पाय लोंबकळतच राहिला. महिनाभर जिन्यावर त्यांचा हाच गुडघा दगा देत होता, शिव्या मात्र ते पायऱ्यांना द्यायचे. “सांग, पाय का उडेना?” त्यांनी निवेसला विचारलं. “मणक्यापाशी नस दबलीय, सर. गाठ असेल,” ती घडाघडा बोलली. त्यांनी तीसपैकी तीस दिले आणि बूट हातानंच काढून तिच्याकडे भिरकावला. वर्ग हसला. निवेस हसली नाही.