नाडीचे बूट

“पुढचा प्रश्न.” बाईंनी नवऱ्याचा कामाचा जाड चष्मा नाकावर चढवला. “ऑपरेशन कशासाठी करायचं म्हणता?”

“अगं, हे काल चार वेळा...”

“मी आत्ता डॉक्टर आहे. डॉक्टरांना अगं म्हणणार?”

दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. चार वाजता मनाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी रक्त झालं, छाती झाली, साखर झाली. आता मनाचे डॉक्टर हो म्हणाले तरच पुढे, नाहीतर सगळं मुसळ केरात. आणि बावीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवणाऱ्या बाई स्वतःच्या नवऱ्याला कच्चा पाठवतात की काय! त्यांनी दोन पानं प्रश्नोत्तरं काढली होती. महत्त्वाचं लाल शाईत.

गंमत अशी, की शाळेत शिकवायच्या बाई आणि सगळी गल्ली मास्तर म्हणायची ती त्यांच्या या बूट शिवणाऱ्या नवऱ्याला. मास्तर बाकावर दोघांची जागा अडवून बसले होते. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, “माझ्या आरोग्याच्या दृष्टीने, तसेच गुडघ्यांवरील ताण कमी व्हावा म्हणून.”

“पाठ केल्यासारखं वाटतंय.”

“पाठच करून घेतलंस की!”

“बरं. नंतर सगळे नियम पाळाल का? जन्मभर?”

मास्तरांची मान खाली गेली. बाईंनी लाल शाईतल्या उत्तरावर बोट ठेवलं. इथे अडले तर तिथे काय करतील?

“डॉक्टर,” मास्तर हळूच म्हणाले, “तुमच्या चपलेची डावी टाच बाहेरून झिजलीय. पोटऱ्या दुखत असतील.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, तोंडाकडे बघायचं असतं माणसाच्या!”

“तोंडावरून मला काही कळत नाही. टाच बघितली की कळतं.”

“पुढे. दुःख झालं, कंटाळा आला, की खाता का? इथे नाही म्हणायचं. नुसतं नाही.”

“दुःखात कशाला खाईन? मी आनंदात खातो. एक जोड पुरा झाला की एक क्रीमचा बन. मोठं काम असेल तर दोन.”

“हे तिथे बोलायचं नाही!”

“का? खरं आहे ते.”

“म्हणूनच!” बाई ओरडल्या, आणि आपण काय बोललो ते कळून दोघंही खो खो हसत सुटले. हसता हसता बाक करकरला, तसे आणखी हसले.

डोळे पुसत बाई उठल्या. “तपासण्यांची फाईल कुठेय?”

“मांडणीवर. नाही, थांब, मी देतो...”

पण मास्तरांना उठायला वेळ लागायचा. बाई तोवर मांडणीपाशी पोचल्या. तयार जोड तिथे रांगेनं असत, प्रत्येकात एक चिठ्ठी: गिऱ्हाइकाचं नाव आणि द्यायची तारीख. मास्तरांची तारीख आजवर चुकली नव्हती. जमणार नसेल तर ते लिहायचेच नाहीत. गिऱ्हाईक परत गेलं तरी बेहत्तर.

फाईल होती खालच्या कप्प्यात. तिच्यामागे एक तपकिरी जोड. नवाकोरा, नाड्यांचा. चिठ्ठीवर नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘मी’. तारखेची जागा कोरी.

बाई बघतच राहिल्या. अकरा वर्षं या माणसानं बिननाडीचे बूट घातले होते, कारण हात पायापर्यंत पोचायचेच नाहीत. मी बांधून देते म्हटलं की उखडायचे.

“कधी केलेत हे?”

“मागच्या महिन्यात. तू शाळेत असताना.” मास्तर चोरी पकडल्यासारखे कानापर्यंत लाल झाले होते.

“आणि याचा बन?”

“नाही खाल्ला. जोड पुरा कुठे झालाय? नाडी बांधली की पुरा.”

“मग घाला की पायात. मी बांधते.” बाई खाली बसू लागल्या.

“खबरदार! त्या मीच बांधणार.”

बाई पुन्हा उठल्या. नवऱ्याचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. त्यांनी प्रश्नोत्तरांचं पहिलं पान घेतलं, चुरगाळून गोळा केला आणि उजव्या बुटाच्या टोकात कोंबला, मास्तर कोंबतात तसा, आकार टिकावा म्हणून. दुसरं पान डाव्यात.

“अगं, माझी उत्तरं!”

“ती माझी होती. डॉक्टरांना या जोडाबद्दल सांगा.”

“आणि बनबद्दल?”

“तेही सांगा. दोन-दोन खाता तेही.”

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “शेवटचा प्रश्न. नियम पाळाल का?”

मास्तरांनी या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग कानामागची पेन्सिल काढली. बोटांवर महिने मोजले, एकदा चुकले, पुन्हा मोजले. कोऱ्या जागेत पुढच्या वर्षातली एक तारीख लिहिली आणि जोड वरच्या फळीवर, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत नेऊन ठेवला.

“चल लवकर,” दार उघडत ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला तारीख दिलीय.”