कप्तानाचं हसू

"बाबांचं भान सुटतंय असं दिसलं, तर इंदूरच्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवू. फिर ज़िद मत करना, आई," सौमित्रने बजावलं होतं. म्हणूनच, नाना अजून भानावर आहेत हे त्याला दिसावं म्हणून, मालतीबाई नाना आणि सौमित्र या बापलेकांना देवास गेटच्या टॉकीजमध्ये घेऊन आल्या. अंतराळवीरांच्या या मालिकेतला एकही सिनेमा नानांनी चाळीस वर्षांत चुकवला नव्हता.

पडद्यावर परग्रहावरचा प्राणी कप्तानाचं रूप घेऊन यानात शिरला. त्याला विनोद कळत नसत, म्हणून बाकीचे हसले की मग तो हसे. प्रेक्षक खिदळत होते. नानाही हसत होते, पण दर वेळी आजूबाजूला पाहून, सगळ्यांच्या नंतर. पलीकडून सौमित्र नानांकडेच बघत होता.



पुढच्या विनोदाला मालतीबाई सगळ्यांच्या आधी मोठ्याने हसल्या, नानांचा हात दाबून.