गवताचं नाव

“बाई, हे गवत... नाव काय?” बारा वर्षांमागे मंगळवेढ्याच्या ज्वारीत ऐकलेला तो मोडक्या मराठीतला आवाज हेमावतीच्या कानात पुन्हा घुमला. देशभरची झाडंझुडपं, किडामुंगी गोळा करत फिरणारा तो परमुलखातला साहेब. कुसळं पदराला चिकटलेली, सासू सकाळपासून जिवाला टोचत असलेली, नव्या सुनेच्या तोंडून निघून गेलं, “सिद्धम्मा.” साहेबानं ते मन लावून लिहून घेतलं.

आज सोलापूरच्या संग्रहालयात तेच गवत काचेआड ऐटीत बसलं होतं. खाली ठसठशीत अक्षरं : ‘स्थानिक नाव – सिद्धम्मा’. आणि शेजारी त्याच नावाची खुद्द सासू उभी. नशीब, तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय गं? वाच की!”

“कुसळी गवत, आत्याबाई,” हेमावतीनं ठोकून दिलं.

“आसं व्हय!” म्हणत सिद्धम्मानं तिला मनगटाला धरून पुढच्या कपाटाशी नेलं. तिथं टाचणीला एक गलेलठ्ठ नाकतोडा टोचलेला होता, उभं कणीस फस्त करणारा. “आता ह्ये वाच. मोठ्यानं.”

“स्थानिक नाव...” वाचता वाचता हेमावती काचेवर वाकली. पुढं तिचंच नाव होतं.

सिद्धम्मा तोंडाला पदर लावून गदागदा हसत होती. “बारा वर्सं पोटात ठिवलं बग. त्यो सायेब तुज्या आदी माज्याकडं आलता. आता खरं सांग, त्या गवताचं नाव काय?”

“सिद्धम्मा,” हेमावती म्हणाली. सासूच्या तोंडावर, पहिल्यांदाच.