जसं बोलले तसं

म्हाताऱ्या ओल्डरॉइडने चष्मा नाकावर चढवला आणि गेल्या बैठकीचं इतिवृत्त हातात घेतलं. जन्मभर हॅलिफॅक्सच्या बाजारात खाटकाचं दुकान चालवलेला माणूस. आता भाड्याची घरं सांभाळणाऱ्या या संस्थेचा अध्यक्ष. तो मोठ्याने वाचू लागला.

"'गोइंग फॉरवर्ड, सगळ्या स्टेकहोल्डर्सना सोबत घेऊन आपण बॉयलरचा प्रवास सक्षम करत आहोत.' जाइल्स, हे काय आहे रे?"

संचालक जाइल्स गोड हसला. "माझंच वाक्य आहे ते."

"ते दिसतंय. बॉयलर बसले का?"

"आपण त्या स्पेसमध्ये आहोत."

"कुठल्या?"

कोपऱ्यात ग्वेन खाली मान घालून लिहीत होती. एकोणीस वर्षं इतिवृत्त तीच लिहायची. जाइल्सच्या बोलण्यातला भुसा पाखडायची, आत दाणा नसलाच तर पदरचा घालायची. 'बॉयलर नोव्हेंबरात बसतील,' असं छापून आलं की लाजेकाजेस्तव ते बसायचेही.

गेल्या बैठकीच्या आदल्या दिवशी जाइल्सने तिला बोलावून घेतलं होतं. साधा चहाही विचारला नाही. "तुझी भूमिका आम्ही मोकळी करतोय, ग्वेन. यापुढे मशीन लिहील. जसं बोललं तसं." आजच्या विषयपत्रिकेत आठव्या क्रमांकावर तेच होतं, मंजुरीसाठी.

मग त्या बैठकीत तिनेही मशीनसारखंच लिहिलं. पदरचा स्वल्पविरामसुद्धा घातला नाही. आज ते असं मोठ्याने वाचलं जाताना तिला जे बरं वाटत होतं, ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

"छत्तीस घरं गारठलीत," ओल्डरॉइड म्हणाला. "सटक्लिफ म्हातारी ओव्हरकोट घालून झोपते. माणसासारखं सांग, बॉयलर कधी बसणार?"

जाइल्सने कागद उलटा केला, परत सुलटा केला. नऊ विश्वस्त त्याच्याकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले. एकोणीस वर्षांच्या सवयीने मान कोपऱ्याकडे वळली.

"ग्वेन," तो हळूच म्हणाला, "मला काय म्हणायचं होतं गं?"

ग्वेनने वर पाहिलं नाही. तिने तेही लिहून घेतलं.