दोनशे नव्वद वॅट

"दोनशे नव्वद!" पडद्यावरचा आकडा वाचून प्रशिक्षक सर ताईकडे वळले. "काय खाऊ घालतेस गं बहिणीला? आम्हालाही दे की थोडं."

खोलीतले दोघे-तिघे सायकलपटू हसले. ताई हसली नाही. स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलवर तिची धाकटी बहीण मान खाली घालून धापा टाकत होती. वीस मिनिटं जीव तोडून पायडल मारले होते तिने. घामाने खालची रबरी चटई ओली झाली होती.

ताई या केंद्रात खेळाडूंच्या चाचण्या घ्यायची. धाकटी वर्षभरापूर्वीपर्यंत धावपटू होती. दहा किलोमीटर अडतीस मिनिटांत पळायची. उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पळणं सुटलं, सायकल आली. पळणाऱ्याची वेळ आणि वजन हाती असलं की त्याचं शरीर किती प्राणवायू वापरतं ते काढता येतं, आणि त्यावरून सायकलवर किती वॅटची ताकद निघेल याचा अंदाज बांधता येतो. ताईने तो आदल्याच दिवशी बांधला होता. दोनशे दहा. तोही हात सैल सोडून, कारण पळणाऱ्याच्या पायांना सायकल अंगवळणी पडायला वेळ लागतो. पाच-दहा वॅट इकडेतिकडे झाले असते तर ती काही बोलली नसती. इथे ऐंशी वॅट आभाळातून पडले होते.

सरांनी तिला खिडकीशी नेलं. आता ते हसत नव्हते.

"चाचणीत वाघ आणि रस्त्यावर शेळी. कालच्या चढावर सगळ्यांच्या मागे होती ती. घरचं माणूस म्हणून डोळ्यांवर कातडं ओढू नकोस. संध्याकाळी संघाची नावं जायची आहेत. तू सही केलीस तर ती आत. नाहीतर संशयित म्हणून लिही, रक्ततपासणी होऊ दे."

सर बाकीच्यांना घेऊन बाहेर गेले. ताईला सगळं एकेक करून आठवू लागलं. धाकटी भर उन्हातसुद्धा घोट्यापर्यंतची पॅंट घालून सायकल चालवायची. दोघींची खोली एकच, पण हल्ली ती कपडे बदलायला न्हाणीघरात जायची आणि आतून कडी लावायची. ताकद वाढवणारी औषधं टोचून घेणाऱ्यांच्या सुईच्या खुणा मांडीवर असतात, हे ताईला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात तिने गुपचूप धाकटीची बॅग उपसली होती. मोजे आणि मालिशच्या तेलाची बाटली, एवढंच निघालं. काही सापडलं नाही म्हणून संशय उलट वाढलाच.

तिने दार लावून घेतलं.

"पॅंट वर कर."

"नको."

"का?"

"थंडी वाजते," धाकटी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

ताईने दातओठ खाल्ले. मग दुसरीच शंका आली. धाकटीच्या सायकलवरच्या, जोर मोजणाऱ्या मीटरमध्येच काही गडबड केली असली तर? तिने कपाट उघडलं, केंद्राचे स्वतःचे मीटरवाले पायडल काढले, पाना घेतला आणि धाकटीच्या सायकलचे काढून ते बसवले.

"पुन्हा चालव. पाच मिनिटं. मघाइतकाच जोर."

"तुला वाटतंय मी चोरी केली."

"मला काही वाटत नाही. मी फक्त मोजते."

धाकटी सायकलवर बसली. पाच मिनिटं साखळी घरघरत राहिली. पडद्यावर आकडा स्थिरावला.

दोनशे दहा.

ताईला क्षणभर आनंदच झाला. तिचं गणित तसूभरही चुकलं नव्हतं. चोर मुद्देमालासकट सापडला होता. "आता बोल. त्या मीटरला काय केलंस?" असं ती म्हणणार, तेवढ्यात तिची नजर आकड्याखालच्या बारीक ओळीवर गेली.

डावा एकशे पंचेचाळीस. उजवा पासष्ट.

धाकटीच्या सायकलचं मीटर स्वस्तातलं, डाव्या पायडलच्या दांड्यात बसवलेलं. ते एकट्या डाव्या पायाचा जोर मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं. दोन्ही पाय सारखेच, असं ते धरून चालतं. ताईला हे पाठ होतं. पण धाकटीचे पाय सारखे नसतील, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ते सारखे असल्याचा कागद फाईलमध्ये होता.

धाकटीने आपणहून पॅंट मांडीपर्यंत गुंडाळली. सुईची खूण कुठेच नव्हती. डावी मांडी भरलेली होती. उजवी वाळून पोटरीएवढी झाली होती.

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "उजव्यात जोरच येत नाही म्हणून. तू म्हणालीस, मनाचे खेळ आहेत, कागद बघ."

"मग लपवत का होतीस?"

"कागदावर पाय बरा होता ना, ताई. मला वाटलं, मीच आळशी आहे. लाज वाटायची." तिने पडद्याकडे पाहिलं. "मघाशी दोनशे नव्वद आले, तेव्हा वाटलं, तुझंच खरं होतं."

ताईने फाईल काढली. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीचा कागद तिला लगेच सापडला. अक्षर तिचंच, सहीही तिचीच. त्या दिवशी खोलीबाहेर अकरा जण रांगेत ताटकळत होते. मांडीचा जोर, डावा: चव्वेचाळीस किलो. मांडीचा जोर, उजवा: चव्वेचाळीस किलो.

उजवा पाय तिने त्या दिवशी मोजलाच नव्हता.